हळद, लसूण, ब्रोकोली आणि पचनसंस्थेचे कॅन्सर : यात नेमकं किती खरं?

अनवाणी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

बाबांना एकोणसत्तराव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो चालू आहे, प्रकृती बरी आहे. प्रश्न फ्रिजच्या डोक्यावर जमलेल्या बाटल्यांचा आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण एक ठेवून जातो. काल मोजल्या तर सात निघाल्या: कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) काळ्या मिरीच्या अर्कासकट, ग्रीन टीचा अर्क, लसणाचं तेल, ब्रोकोलीच्या कोंबांची पावडर, रेस्व्हेराट्रॉल, आणि दोन अशा की लेबलवर नुसतं हिरव्या पानाचं चित्र. कर्क्युमिनची एक कॅप्सूल उघडून बघायला गेले आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडाची वाट लागली.

बाबांचं डॉक्टर बघतायत. मला विचारायचंय ते आम्हा दोघा भावंडांसाठी. मी ४४, धाकटा भाऊ ४०. वनस्पतींतल्या या द्रव्यांनी अन्ननलिका, जठर, आतडं यांचे कॅन्सर खरंच टळतात का? टळत असतील तर यातलं काय सुरू करावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोपरखळी
पहिला नंबर. सात बाटल्या म्हणजे वारानुसार घेता येतील.

वनमाला
अनवाणीताई, बाबांना लवकर आराम पडो.
माझं मत स्पष्ट आहे. निसर्गात प्रत्येक रोगावर उतारा आहे. हळदीवर हजारो शोधनिबंध आहेत, कॅन्सरच्या पेशी मरतात हे सिद्ध झालंय. पण पेटंट मिळत नाही म्हणून औषध कंपन्या ते दाबतात. बिनधास्त सुरू करा, नैसर्गिक आहे, अपाय तर नाहीच.

शंकेखोर
"नैसर्गिक आहे, अपाय तर नाहीच." तंबाखू नैसर्गिक. सुपारी नैसर्गिक, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) यादीत ती पहिल्या गटात आहे, म्हणजे कॅन्सर होतो हे पक्कं. तोंडाचा, म्हणजे पचनमार्गाच्या अगदी दाराशीच. वनस्पतींनी ही रसायनं आपल्या भल्यासाठी बनवलेली नाहीत हो, किडे आणि जनावरं दूर ठेवायला बनवलीत.

पेट्रीडिश
वनमालाताईंच्या "पेशी मरतात" याबद्दल. सहा वर्षं मी याच कामात होतो, तेव्हा जरा सविस्तर.

आतड्याच्या कॅन्सरच्या ज्या पेशी जगभर वापरतात, त्यातल्या एकीचं नाव एचटी-२९. १९६४ मध्ये ४४ वर्षांच्या एका बाईच्या गाठीतून त्या घेतल्या, तेव्हापासून प्लास्टिकच्या बशीत वाढतायत. त्यांच्यावर तुम्ही कर्क्युमिन ओतलंत की मरतात. बरोबर आहे. मिठाचं पाणी दाट करून ओतलंत तरी मरतात. प्रश्न मात्रेचा आहे. बशीत आम्ही जेवढं ओततो तेवढं रक्तात कधीच पोचत नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, जे जातं त्याला यकृत लगेच शेपूट (म्हणजे दुसरा एक रेणू) जोडून बाहेर काढतं. मुळात हळदीत ते असतं वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास.

वर ते पिवळंजर्द. पेशी जिवंत किती हे आपण बऱ्याचदा रंगावरून मोजतो. द्रव्यच रंगीत असेल तर यंत्र काय वाचतंय ते नीट तपासावं लागतं. माझे तीन महिने याच एका गोष्टीत गेले. आलेख सुंदर आला होता, गाइडही खूश. मग कोणीतरी विचारलं, "पेशींशिवाय नुसतं कर्क्युमिन मोजलंस का?" मोजलं. आलेख तसाच आला.

कोपरखळी
=)) यावर एक स्वतंत्र धागा होऊ द्या.

वनमाला
म्हणूनच तर काळी मिरी घालतात! मिरीने शोषण २००० टक्के वाढतं, हा तुमच्याच विज्ञानाचा आकडा आहे.

शंकेखोर
आकडा खरा आहे, १९९८ चा. २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन (मिरीतलं तिखट द्रव्य). पण ताई, जवळजवळ शून्याची वीसपट किती होते?
आणि मिरी हे करते कशी? यकृताची झाडलोट मंद करून. ती झाडलोट फक्त कर्क्युमिनची मंद होत नाही, बाकीच्या गोळ्यांचीही होते. केमो चालू असलेल्या माणसाला हे द्यायचं?

रजेवरची_नर्स
शंकेखोर यांच्या शेवटच्या वाक्याला +१००.
अनवाणी, बाकी सगळं राहू दे, उद्या त्या साती बाटल्यांचे फोटो काढ आणि बाबांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखव. लोक सांगतच नाहीत. "काही औषधं चालू आहेत का?" विचारलं तर "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती औषधं नसतात. लसणाचे आणि हळदीचे अर्क रक्त पातळ करू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी बंद करायला सांगतात. ग्रीन टीच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) घेणाऱ्यांमध्ये यकृताचे आकडे बिघडताना दिसतात. कपातला चहा वेगळा, त्याला ते घाबरले नाहीत. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाची एक लाटच आली होती.

सुगरणीचा_नवरा
चहा निघालाच आहे म्हणून एक अवांतर. आयएआरसीने २०१६ मध्ये ६५ अंशांच्या वरच्या कडकडीत पेयांना "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलं, अन्ननलिकेसाठी. म्हणजे तोच चहा, त्यात ती सगळी गुणी द्रव्यं, आणि तो उकळता घशात ओतलात तर हिशेब उलटा. आमच्याकडे यावरून भांडण झालं आणि मी थर्मामीटर आणला. कपात ओतल्यावर ७८ निघाला. आता मी थांबतो आणि ती हसते.

टेलिफोन_खराब
मग काहीच उपयोग नाही का? सगळेच ब्रेक लावतायत.

पेट्रीडिश
नाही नाही, तसं म्हणायचं नव्हतं. उलट एक गोष्ट मला आजही पटते.

एखादं द्रव्य रक्तात शोषलं जात नाही ही फुप्फुसाच्या किंवा मेंदूच्या दृष्टीने अडचण. पण आतड्याच्या दृष्टीने? न शोषलेलं सगळं आतड्याच्या अस्तरावरूनच पुढे सरकतं. तिथे ते खरंच भरपूर असतं. म्हणून या संशोधनात पचनमार्ग हे पहिलं लक्ष्य असणं वेडेपणाचं नाही.

हळदीचंच उदाहरण घ्या. काही कुटुंबांत आतड्यात शेकडो पॉलिप (अस्तरावरच्या छोट्या गाठी, ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) उगवण्याचा आनुवंशिक विकार असतो. २००६ मध्ये अशा ५ जणांना कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन (वनस्पतींतलंच आणखी एक द्रव्य) ६ महिने दिलं. पॉलिपांची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी घटली. मी तेव्हा विद्यार्थी होतो, तो निबंध भिंतीवर चिकटवला होता. मग २०१८ मध्ये नीट चाचणी झाली. ४४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या, १२ महिने. पॉलिपांच्या संख्येत आणि आकारात दोन्ही गटांत काही फरक नाही.
भिंतीवरचा कागद मी स्वतः काढला.

वनमाला
एका चाचणीवरून हजारो वर्षांचा अनुभव खोटा?

पेट्रीडिश
हजारो वर्षांचा अनुभव हळदीच्या चिमटीचा आहे, ३ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनचा नाही. जेवणातली हळद खोटी असं कोणीच म्हटलेलं नाही.

आणि "कंपन्या दाबतात" याबद्दल. आतड्याच्या कॅन्सरवरच्या केमोत इरिनोटेकान नावाचं औषध असतं. ते कॅम्प्टोथेसिनपासून बनतं, आणि कॅम्प्टोथेसिन एका चिनी झाडाच्या सालीत सापडलं. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये ते वेगळं केलं. झाडात काही खरं सापडलं की कंपन्या दाबत नाहीत, बिल लावतात.

कोपरखळी
"बिल लावतात" हे मी ढापतोय.

वनमाला
तो उपचार झाला, धागा प्रतिबंधावर आहे. विषय बदलू नका.

शंकेखोर
हा मुद्दा मात्र वनमालाताईंचा. मान्य.

प्रतिबंधाच्या बाजूने सगळ्यात मोठा धडा बीटा-कॅरोटीनचा, म्हणजे गाजरातल्या केशरी द्रव्याचा. गाजरं-भाज्या जास्त खाणाऱ्यांना कॅन्सर कमी दिसत होता, रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असणाऱ्यांनाही कमी. मग सरळ गोळीच द्यावी ना? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती.
फुप्फुस म्हणजे पचनमार्ग नव्हे हे ठाऊक आहे. पण "भाजीत आहे ते बाटलीत भरू" या कल्पनेचं काय होतं ते बघा. भाजी खाणारा माणूस सिगारेटही कमी ओढतो, चालायलाही जातो. श्रेय मात्र गाजराला.

जुनाट_सदस्य
शंकेखोरांनी अर्धीच गोष्ट सांगितली. त्याच सुमारास चीनच्या लिनशिएनमध्ये जवळपास ३० हजार लोकांवर चाचणी झाली होती. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कॅन्सरचं प्रमाण तिथे भयंकर आणि लोकांच्या आहारात जीवनसत्त्वांची चणचण. बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिलं, तर जठराच्या कॅन्सरचे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. १९९३ चा निकाल.
म्हणजे तेच बीटा-कॅरोटीन, एकीकडे तारक, एकीकडे मारक. ज्याच्या घागरीत पाणी नाही त्याला तांब्याभर पुरतं. जी काठोकाठ भरलीय तिच्यात ओतलं तर सांडणारच.

शंकेखोर
जुनाटकाका, सलाम. हे खरंच निसटलं होतं.

टेलिफोन_खराब
लसणाचं काय? तेवढं एक मी खातो. बायको लांब झोपते, पण खातो.

जुनाट_सदस्य
लसणाची गोष्ट चीनमधलीच, शानतुंग प्रांतातली. ३,३६५ लोक. काहींना जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवर २ आठवडे प्रतिजैविकं, काहींना ७ वर्षांहून जास्त काळ लसणाचा अर्क आणि तेल, काहींना जीवनसत्त्वं. २२ वर्षं पाठपुरावा केला, निकाल २०१९ मध्ये. लसणाने जठराच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले, पण कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं असं ठामपणे म्हणता आलं नाही. आणि २ आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी होण्याचं प्रमाण निम्म्यावर आणलं.
७ वर्षं लसूण एका पारड्यात, १५ दिवसांच्या गोळ्या दुसऱ्यात.

रजेवरची_नर्स
त्या जंतूला आयएआरसीने १९९४ मध्येच पहिल्या गटात टाकलंय. बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८४ मध्ये स्वतः तो पिऊन जठरदाह ओढवून घेतला होता, पुढे २००५ मध्ये नोबेल मिळालं. पोटात सतत जळजळतंय, घरात कोणाला जठराचा कॅन्सर झालाय, तर या जंतूची तपासणी करून घ्या. श्वासावरून किंवा शौचावरून होते, दुर्बीण लागतेच असं नाही.

सुगरणीचा_नवरा
ब्रोकोलीच्या कोंबांनी पण हा जंतू दबतो असं वाचलंय?

पेट्रीडिश
दबतो, मरत नाही. जपानमध्ये ४८ जणांच्या प्रयोगात रोज ७० ग्रॅम कोंब ८ आठवडे खायला दिले. जंतूची आणि जठरदाहाची चिन्हं उतरली. खाणं थांबवल्यावर दोन महिन्यांत पहिल्यासारखी.
यामागचं रसायन मात्र सुरेख आहे. ब्रोकोलीतलं जे द्रव्य काम करतं ते सल्फोराफेन, पण ते तिच्यात तयार स्वरूपात नसतंच. एका कप्प्यात कच्चा माल, दुसऱ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम). पान चिरलं, चावलं की दोन्ही एकमेकांना भेटतात आणि सल्फोराफेन बनतं. ते आपल्या पेशींतली विषं निकामी करणारी यंत्रणा जागी करतं. पॉल तलालय यांच्या गटाने १९९२ मध्ये हे ब्रोकोलीतून वेगळं केलं, आणि १९९७ मध्ये दाखवलं की तीन दिवसांच्या कोंबात कच्चा माल मोठ्या गड्ड्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.
पण विकर उष्णतेने मरतं. खळखळ उकळलेल्या ब्रोकोलीत कच्चा माल उरतो, कामगार गेलेला असतो.

सुगरणीचा_नवरा
म्हणजे आधी चिरून ठेवायची आणि मग शिजवायची?

पेट्रीडिश
हो, किंवा हलकी वाफवायची. आणि गंमत म्हणजे शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरली तरी चालतं, मोहरीतही तेच विकर असतं. लसणाचंही तसंच: ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग तेलात टाका.

सुगरणीचा_नवरा
बास, या धाग्याचे पैसे वसूल. दहा मिनिटांचा गजर लावतोय.

वनमाला
बघा, शेवटी आलात ना निसर्गाकडे!

शंकेखोर
स्वयंपाकघराकडे आलोत, ताई. बाटलीकडे नाही.

दाणेवाली
इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे हळद-लसणात अडकलेत आणि ज्याचा पुरावा सगळ्यात दणकट त्याचं नावच नाही. चोथा! तंतू!
अख्खी धान्यं, डाळी, कडधान्यं. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा: रोज १० ग्रॅम जास्त तंतूंमागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १० टक्क्यांनी कमी. आतड्यातले जीवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन तेच. डेनिस बर्किट नावाच्या सर्जनने युगांडात काम करताना हे पहिल्यांदा जोरात मांडलं. पण तंतूंची बाटली चकचकीत दिसत नाही, म्हणून भेटायला येणारा माणूस डाळ घेऊन येत नाही.

शंकेखोर
२००० मध्ये तंतूंच्या दोन मोठ्या चाचण्या सपशेल आपटल्या होत्या. पॉलिप काढलेल्या लोकांना जास्त तंतू दिले, पॉलिप तितकेच परत आले.

दाणेवाली
३-४ वर्षांच्या होत्या त्या. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात. आंबा लावून पुढच्या मे महिन्यात "फळ नाही" म्हणून ओरडायचं का?

शंकेखोर
पण मग १० वर्षांनी फळ येईल हे तरी कशावरून?

जुनाट_सदस्य
दोघांनी भांडू नका, यावरही चाचणी आहे. लिंच सिंड्रोम म्हणजे आनुवंशिकच धोका असलेले ९०० हून जास्त लोक. त्यांना रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च सरासरी दोनेक वर्षं दिला, जसा किंचित कच्च्या केळ्यात असतो, आणि पुढे १० वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. २०२२ मध्ये छापून आलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काही परिणाम नाही (शंकेखोर खूश). जठर, लहान आतड्याची सुरुवात, पित्तनलिका, स्वादुपिंड हे वरचे कॅन्सर धरून बाकीचे कॅन्सर निम्म्यावर (दाणेवाली खूश). स्टार्च काम करतो खाली आणि फायदा दिसतो वर, असं का, हे कोडंच आहे.
त्याच चाचणीत ॲस्पिरिननेही आतड्याचा कॅन्सर कमी केला. ॲस्पिरिनचं मूळ विलोच्या सालीतलं, म्हणजे वनमालाताईही खूश. पण त्याने रक्तस्राव होऊ शकतो, आपल्या मनाने कोणी सुरू करू नये.

कोपरखळी
सगळे खूश असलेला हा पहिलाच धागा. संपादकांनी कुलूप लावा.

रजेवरची_नर्स
कुलूप लावायच्या आधी एक. अनवाणीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, मी ४४, भाऊ ४०, वडिलांना आतड्याचा कॅन्सर. तीसेक प्रतिसाद तरी झाले असतील आणि एकानेही विचारलं नाही.
अनवाणी, तुम्हा दोघांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली का? सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर असेल तर चाळिशीपासून करायला सांगतात, आणि नातेवाइकाला लहान वयात झाला असेल तर त्याहूनही आधी. आतड्याच्या कॅन्सरबाबत ही तपासणी अशी आहे की जी कॅन्सर व्हायच्या आधीच त्याचं मूळ कापून बाहेर काढते. हळद-डाळ सगळं खा, पण ते याच्याऐवजी नको.

पेट्रीडिश
बाप रे. खरंच. मी विकरं समजावत बसलो.

अनवाणी
नाही झाली. कोणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही बाबांच्याच कागदांत होतो.
पेट्रीडिश यांनी लिहिलेली ती ४४ वर्षांची बाई तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. उद्या फोन करते.

अनवाणी
(पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

झाली. आदल्या रात्रीचं ते खारट लिंबासारखं पाणी दोन लिटर प्यायचं, तेवढंच काय ते वाईट. दुसऱ्या लिटरला मी नाक धरून भिंतीकडे बघत बसले होते. तपासणीत गुंगी होती पण पडदा दिसत होता. गुलाबी भिंत, मग भुईछत्रासारखं देठावरचं काहीतरी, त्याच्याभोवती तारेचा फास आवळला आणि ते गळून पडलं. ८ मिलिमीटर. अहवालात अडेनोमा आहे, कॅन्सर नाही. तीच गाठ, जी पुढे वाढू शकली असती. पुढची तपासणी कधी ते लिहून दिलंय.

भाऊ "मला काही होत नाही" म्हणत होता, माझा अहवाल वाचून त्याने तारीख घेतली. बाबांच्या डॉक्टरांनी बाटल्यांच्या फोटोंवर एकेक करत सात फुल्या मारल्या आणि म्हणाले, जेवणात काय हवं ते खा. डाळ वाढवलीय. लसूण दहा मिनिटं थांबतो.

रजेवरची_नर्स
शाब्बास गं.

वनमाला
खूप बरं वाटलं वाचून. मीही ५३ ची आहे. कुठे काही त्रास नाही, तरी करावी का?

रजेवरची_नर्स
वनमालाताई, हो. पन्नाशीच्या पुढे त्रास नसतानाच करायची असते. दुर्बिणीची भीती वाटत असेल तर शौचाच्या तपासणीपासून सुरुवात करा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कोपरखळी
सगळं ठीक, पण त्या पांढऱ्या कापडाचं काय झालं?

अनवाणी
डाग तसाच. साबण लावला तर चक्क लाल झाला, मग घाबरून बाजूला ठेवलं.

पेट्रीडिश
साबणाच्या अल्कलीने लाल होतो, धुतला की परत पिवळा. ओलं कापड कडक उन्हात टाका, दोन-तीन दुपारी. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. आम्ही लॅबमध्ये बाटलीला चांदीचा कागद गुंडाळून ठेवायचो.